डोळ्यात थेंब टाकताय? मग नाडी, श्वास आणि मनाकडेही लक्ष ठेवा

आबांना काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा घरात सगळ्यांनी एकच गोष्ट मनाशी घट्ट धरली: थेंब चुकवायचे नाहीत. ते चुकले नाहीत. सकाळी सातला, संध्याकाळी सातला. आई-आबा अमळनेर तालुक्यातल्या गावी, मी धुळ्याला. रोज फोनवर माझा पहिला प्रश्न, "थेंब टाकले का?" दीड-दोन महिन्यांत आबा ओट्यावर नुसते बसून राहायला लागले. शेतात जाणं कमी झालं, बोलणं कमी झालं. हिवाळ्यात भाऊबंदांनी मळ्यात भरिताचा बेत केला तर तिथेही गेले नाहीत. भरिताला नाही म्हणणारा माणूस तो नव्हे. विचारलं तर एवढंच, "मन लागत नही." आम्ही म्हणालो, वय झालं. त्याच वर्षी त्यांचे थोरले भाऊ गेले होते, त्या दुःखाच्या खाती टाकलं.

मग एका पहाटे मोरीत चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नाडी मोजली तर ४४. डॉक्टरांनी विचारलं, कोणकोणती औषधं चालू आहेत? मी म्हणाले, बीपीची एक गोळी, बाकी काही नाही. थेंबांचं नाव माझ्या तोंडून निघालंच नाही, कारण थेंब म्हणजे औषध असं माझ्या डोक्यातच नव्हतं. आईने बरोबर आणलेली पिशवी टेबलावर रिकामी केली, त्यातून बाटली निघाली. डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "गोळीही नाडी मंद करणाऱ्या जातीची आणि थेंबही त्याच जातीचे."

त्या दिवसापासून मी जे शिकले, विचारलं आणि वहीत लिहून ठेवलं ते इथे क्रमाने देते आहे. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. पण काय सांगायचं, काय विचारायचं आणि कशावर नजर ठेवायची, हे घरातल्यांचं काम आहे.

एक गोष्ट अगदी आधी. हे वाचून कोणी थेंब आपल्या मनाने बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून ती भरून काढता येत नाही. त्रास होत असेल तर थेंब बदलून घेता येतात, आणि तो रस्ता पुढे नवव्या पायरीत दिला आहे.

हाताशी काय ठेवायचं

- एक साधी वही आणि पेन
- सेकंद काटा असलेलं घड्याळ, किंवा मोबाइल
- शक्य असेल तर घरचं बीपी यंत्र. नसेल तर आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मोजून घ्या
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी: गोळ्यांची पाकिटं, थेंबांच्या बाटल्या त्यांच्या खोक्यांसकट, दम्याचे पंप, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा
- डोळ्यांच्या दवाखान्यातला केसपेपर, डोळ्याच्या प्रेशरच्या (आतल्या दाबाच्या) नोंदी, फील्ड टेस्टचा (आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीचा) रिपोर्ट
- जुना ईसीजी असेल तर तो

१. मोठं नाव सोडा, बारीक नाव वाचा

बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं. ते काही सांगत नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, तेच कामाचं. काचबिंदूच्या बाटल्यांवर साधारण ही नावं दिसतील: टिमोलॉल, ब्रिमोनिडिन, डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड, लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा, किंवा मेडिकलवाल्याकडून वहीत लिहून घ्या.

इथला सापळा म्हणजे जोड-औषधं. एकाच बाटलीत टिमोलॉल आणि ब्रिमोनिडिन, किंवा टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड असं असतं. पहिल्या डॉक्टरांनी साधं टिमोलॉल दिलेलं, दुसऱ्यांनी जोड-बाटली दिली, आणि घरात पहिली बाटली संपलेली नाही म्हणून दोन्ही चालू राहिल्या, असं होतं. दोन्ही बाटल्यांवरची मोठी नावं वेगळी असतात, त्यामुळे टिमोलॉल दुप्पट जातंय हे कोणाला कळत नाही. नवी बाटली आली की विचारा: "ही जुनीच्या जागी आहे, की जुनीसोबत?"

२. थेंब जातो कुठे, हे समजून घ्या

ही पायरी समजली की पुढचं सगळं आपोआप समजतं.

बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात आधीच थोडं पाणी असतं, आणि डोळ्याची एकूण मावण्याची जागा जेमतेम ३० मायक्रोलिटर. म्हणजे पूर्ण थेंब डोळ्यात मावतच नाही. काही गालावर ओघळतो, आणि बराचसा नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून आत ओढला जातो. रडताना नाक गळतं ते याच वाटेने. तिथून औषध नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेवर पसरतं आणि थेट रक्तात शिरतं.

पोटातून घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते. टिमोलॉलसारख्या औषधाचा निम्म्याच्या आसपास भाग तिथेच मोडला जातो आणि उरलेला शरीरभर फिरतो. नाकातून शिरलेल्या औषधाला ही चाळण लागत नाही. म्हणून थेंब लहान असला तरी त्याचा परिणाम लहानच असेल असं नाही. ०.५ टक्के टिमोलॉलच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं. ५० मायक्रोलिटरच्या एका थेंबात ०.२५ मिलिग्रॅम. दोन्ही डोळे, दिवसातून दोनदा, म्हणजे चार थेंब आणि १ मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. पण सत्तरीच्या माणसाचं हृदय आधीच मंद चालत असेल आणि त्यात बीपीची त्याच जातीची गोळी असेल, तर हे थेंब वर्मी बसतात.

थेंब टाकल्यावर घशात कडू लागतं का? ब्रिन्झोलामाइड आणि डॉर्झोलामाइडने अनेकांना लागतं. कडू लागलं म्हणजे औषध नाकातून घशात उतरलं. पाचव्या पायरीतली पद्धत जमतेय की नाही, हे घरच्या घरी ओळखायची ही सोपी खूण आहे.

३. पहिला थेंब पडण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आपण फक्त डोळा घेऊन जातो. बाकीचं शरीर आपण घरी ठेवून आलोय असं वागतो. शिबिरात तर गर्दी एवढी असते की विचारायला त्यांना वेळ मिळेलच असं नाही. म्हणून न विचारता सांगा:

- दमा आहे का, लहानपणी होता का, पंप वापरता का, बिडीमुळे छाती भरते का. टिमोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत, कारण त्याने श्वासनळ्या आवळतात.
- नाडी मंद आहे का, हृदयाचा झटका, ब्लॉक किंवा हार्ट फेल असं काही कधी निघालं होतं का.
- बीपीची किंवा हृदयाची गोळी कोणती. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही टिमोलॉलच्याच जातीची. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेमही हृदयाची गती कमी करतात.
- साखर आहे का, इन्सुलिन घेता का. साखर एकदम उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, आणि माणूस सावध होऊन काहीतरी गोड खातो. टिमोलॉल ही धडधड आणि थरथर दाबून टाकू शकतं. घाम मात्र येतो. मधुमेह असलेल्याने थेंब चालू असताना अचानक घाम फुटला की आधी साखर तपासावी.
- सल्फाच्या औषधाची अॅलर्जी. डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड सल्फाच्याच कुळातली आहेत.
- झोपेची, नैराश्याची, मनाची कोणतीही गोळी.
- गर्भवती किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तेही.

उलटंही तितकंच खरं. तापासाठी, दातासाठी, ऑपरेशनसाठी, कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी चालू औषधं विचारली, की थेंबांचं नाव पहिलं सांगा. मी ते सांगितलं नव्हतं.

४. थेंब सुरू होण्याआधी काही दिवस लिहून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि नंतर हिचीच सगळ्यात जास्त गरज पडते.

सलग चार-पाच दिवस सकाळी, उठल्यावर दहा मिनिटं शांत बसवून, मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, ठोके अनियमित असले तर आकडा चुकतो. जमलं तर बीपीही लिहा. मोठ्या माणसाची बसलेली नाडी साधारण ६० ते १०० असते. पण जन्मभर वखर-नांगर धरलेल्या माणसाची मुळातच ५८ असू शकते, आणि त्याला ती चालते. त्याची स्वतःची नाडी आधी किती होती हे माहीत असेल तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो.

याच पानावर दोन ओळी स्वभावाच्या लिहा. किती वाजता झोपतात, रात्री किती वेळा उठतात, जेवण किती, गावात कोणाकडे जाऊन बसतात, टीव्हीवर काय बघतात, नातवंडांना हाका मारतात का. लिहिताना हे फालतू वाटतं. दोन महिन्यांनी "पूर्वी कसे होते?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा घरातली चार माणसं चार उत्तरं देतात, तेव्हा हेच पान उपयोगी पडतं.

डोळा आज दुखतोय आणि थेंब आजच टाकायचे असतील तर थांबू नका. दवाखान्यातच नाडी-बीपी मोजून घ्या आणि तोच आकडा पहिल्या पानावर लिहा.

५. थेंब टाकायची पद्धत

- हात साबणाने धुवा. शेतातून आलात तर नखंही.
- माणसाला खाटेवर उताणं झोपवा, किंवा खुर्चीत मान मागे टाकायला सांगा. हात थरथरत असेल तर स्वतः टाकायचा हट्ट नको, घरातल्या दुसऱ्याने टाकावा.
- खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढा, म्हणजे खोबणी होते. थेंब त्यात टाका, बुबुळावर नको. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका.
- एकच थेंब. "एक ओघळला, म्हणून अजून दोन" असं नको. डोळ्यात मावणार नाही आणि नाकात मात्र जास्त जाईल.
- डोळा हळूच मिटा. घट्ट आवळू नका, मिचकावू नका.
- आता सगळ्यात महत्त्वाचं. डोळा आणि नाक जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, हाडाच्या बाजूने, बोटाच्या टोकाने हलका दाब द्या. औषध नाकात उतरतं ते छिद्र यामुळे बंद होतं. दोन-तीन मिनिटं तरी, जमलं तर पाच. पाच मिनिटं डोळा मिटून कोपरा दाबला तर रक्तात जाणारं टिमोलॉल साठ टक्क्यांहून जास्त कमी होतं, असं तपासून पाहिलेलं आहे. शिवाय औषध डोळ्यात जास्त वेळ राहतं, म्हणजे ज्यासाठी टाकलं ते कामही नीट होतं.
- गालावर आलेलं स्वच्छ कापडाने टिपून घ्या.
- दुसरा थेंब असेल तर निदान पाच मिनिटं थांबा. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे थेंब टाकायला आधी पाऊण मिनिट लागायचं. आता आई आबांच्या डोळ्याचा कोपरा धरून बसते आणि रेडिओवरचं एक गाणं पूर्ण होऊ देते. घड्याळ बघावं लागत नाही.

६. कोणतं औषध शरीराला काय करू शकतं

प्रत्येकाला हे होईलच असं नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. पण कुठे बघायचं ते माहीत असावं.

टिमोलॉल: नाडी मंद होणं, बीपी उतरणं, उठताना चक्कर, थकवा, दम लागणं, पाय गार पडणं, पुरुषांमध्ये इच्छा कमी होणं. शेवटची गोष्ट आमच्याकडे कोणी तोंडाने काढत नाही आणि वर्षानुवर्षं मनात ठेवतो. डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा, त्यांना यात नवल वाटत नाही. मनावरचे परिणाम पुढच्या पायरीत. काचबिंदूसाठी दिवसातून एकदाच टाकायचं जेलसारखं टिमोलॉलही मिळतं.

ब्रिमोनिडिन: झोप, गुंगी, तोंड कोरडं पडणं, बीपी उतरणं. हे सुरू झाल्यावर पहिले काही दिवस ट्रॅक्टर, मोटरसायकल, उसाची चरकी, कडबाकुट्टी यांपासून लांब राहा. आपल्याला किती गुंगी येते हे कळलं की मग ठरवा.

डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड: तोंडात कडूपणा, कधी डोकेदुखी. याच कुळातली अॅसिटाझोलामाइडची गोळी प्रेशर एकदम चढलं की देतात. तिने बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, थकवा येतो, भूक मरते. लोक लकवा झाला म्हणून घाबरतात. मुंग्या या गोळीच्या नेहमीच्या आहेत, तरी डॉक्टरांना कळवा.

लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट: शरीरभर होणारा त्रास यांनी सहसा कमी. डोळ्यावर मात्र दिसतो: पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळा लालसर राहतो, पापणीची त्वचा काळवंडते.

पायलोकार्पिन: भुवईवर दुखणं, घाम, लाळ.

बाहुली मोठी करायचे थेंब: तपासणीआधी टाकतात त्या बाटलीत आपल्याकडे बहुधा ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन असतं. फेनिलेफ्रिनने बीपी चढू शकतं, म्हणून बीपी आणि हृदयाचा त्रास असेल तर नर्सला आधीच सांगा. आणि त्या दिवशी गाडी चालवत परत येऊ नका. उन्हात समोरचं काही दिसत नाही.

७. मनावरचे परिणाम, ज्यांना आपण वय म्हणतो

हे सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरी हेच निसटलं.

टिमोलॉलच्या माहितीपत्रकात नैराश्य, गोंधळणं, विसरणं, वाईट स्वप्नं, भास होणं या गोष्टी छापलेल्या असतात. ब्रिमोनिडिनमध्येही गुंगीबरोबर उदासी येऊ शकते. टिमोलॉल मेंदूपर्यंत पोचतं. ब्रिमोनिडिनने झोप येते तीही त्याच कारणाने. म्हातारपणी औषध शरीरातून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे वयस्कर माणसाला हे जास्त जाणवतं.

याची दुसरी बाजूही सांगते. काचबिंदू झालेला माणूस उदास झाला की दर वेळी थेंबच दोषी असतात असं नाही. आंधळं व्हायची भीती माणसाला आतून पोखरते. थेंबांमुळे नैराश्य येतं की नाही, यावर झालेल्या अभ्यासांचं एकमत नाही. म्हणून आपलं काम निकाल द्यायचं नाही. फक्त तारखा जुळवायच्या. तीन प्रश्न विचारा:

बदल थेंब सुरू झाल्यावर, किंवा थेंब वाढवल्यावर काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत सुरू झाला का? बदल मनाबरोबर शरीरातही आहे का, म्हणजे नाडी मंद, हातपाय गार, चालताना दम? आणि थेंब टाकल्यावर तास-दोन तास तो वाढतो का?

उत्तरं "हो" असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आबांच्या बाबतीत तिन्ही "हो" होती, आणि आम्ही तीनपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता.

इथे एक मोठा सापळा आहे. घरातला माणूस गप्प झाला म्हणून त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेतात, थेंबांचं सांगत नाहीत, आणि नैराश्याची गोळी सुरू होते. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या गोळ्या, यकृत ज्या वाटेने टिमोलॉल मोडतं तीच वाट अडवतात. मग टिमोलॉल रक्तात जास्त साठतं, नाडी आणखी खाली जाते. मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात काही कमीपणा नाही, जरूर जा. फक्त थेंबांची बाटली बरोबर न्या.

बायकांचं वेगळं सांगते. घरातल्या बाईची कामाची गती कमी झाली की तिला आळशी म्हणतात, आणि ती स्वतःही तसंच समजते. आजी पहाटे उठेनाशी झाली, चुलीशी डुलक्या घेते, भाकरी तव्यावर करपते, असं थेंब सुरू झाल्यावर दिसलं तर तिला बोलण्याआधी बाटली बघा.

८. लगेच निघायची लक्षणं

वाट बघायची नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा:

- नाडी ५० च्या खाली आणि सोबत चक्कर, घेरी किंवा छातीत दुखणं
- बेशुद्ध होणं, पडणं
- श्वास लागणं, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज
- अचानक असंबद्ध बोलणं, समोर नसलेली माणसं दिसणं
- जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलणं. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका, आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा.
- ओठ, जीभ, चेहरा सुजणं

जाताना बाटली घ्यायची.

९. बंद करू नका, बदलून घ्या

नाडी आधीपेक्षा बरीच उतरली आहे, पण चक्कर किंवा दम नाही, असं असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा. फोनवर सांगायचं वाक्य तयार ठेवा. आबांना आधी दवाखान्यात दाखवून मग आम्ही असं सांगितलं: "आबांचं वय ७१. टिमोलॉल सुरू होऊन दोन महिने झाले. आधी नाडी ७० होती, आता ४४. बीपीची मेटोप्रोलॉल चालू आहे. पडले होते. थेंब कोणते बदलायचे?" एवढं स्पष्ट सांगितलं की उत्तरही स्पष्ट मिळतं.

डॉक्टरांकडे पर्याय असतात. लॅटानोप्रोस्टच्या जातीचे थेंब, कोपरा दाबायची पद्धत सुधारून तेच औषध, दिवसातून एकदाच टाकायचं औषध, लेझर, किंवा ऑपरेशन. कधी बीपीची गोळी बदलून काम होतं, पण त्यासाठी बीपीच्या डॉक्टरांशी बोलावं लागतं. ती गोळीही अचानक तोडायची नसते. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं गृहीत धरू नका. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायचं काम आपलं.

थेंब बदलल्यावर प्रेशर पुन्हा तपासायची तारीख घेऊनच बाहेर पडा. साधारण १० ते २१ हा आकडा नेहमीचा मानतात, पण तुमच्या माणसासाठी किती हवं ते डॉक्टर सांगतील. तो आकडा वहीत लिहा.

आबांचे थेंब आणि गोळी, दोन्ही बदलली. आठवड्याभरात नाडी साठीच्या वर आली. मन यायला वेळ लागला. तिसऱ्या आठवड्यात फोन आईने उचलला, मागून आबांचा आवाज आला, "तिले विचार, कपाशीना भाव काय शे?" गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

१०. लहान मुलांसाठी वेगळी काळजी

चष्म्याचा नंबर काढायला मुलांना अॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेट देतात. अॅट्रोपिन म्हणजे धोतऱ्यात असतं ते द्रव्य. कापसाच्या फवारणीत विषबाधा झाली की दवाखान्यात हेच टोचतात. त्या इंजेक्शनची एक कुपी ०.६ मिलिग्रॅमची असते, आणि १ टक्का अॅट्रोपिनच्या एका मोठ्या थेंबात ०.५ मिलिग्रॅम असतं. पाच वर्षांच्या पोरासाठी हे किती आहे, ते यावरून कळेल. म्हणून सांगितलं तेवढंच, सांगितले तेवढेच दिवस, कोपरा दाबून, आणि ओघळलेलं लगेच पुसून. टाकल्यावर मुलाचे हात धुवा, कारण डोळा चोळून बोट तोंडात जातं.

चेहरा लालबुंद, अंग तापलेलं पण घाम नाही, तोंड कोरडं, पोर बडबडतंय, तोल जातोय, नसलेलं काही पकडायला बघतंय, असं झालं तर तो साधा ताप समजू नका, देवीचं किंवा बाहेरचं काही समजून उतारा करत बसू नका. ताबडतोब दवाखाना.

ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या बाळाला देत नाहीत. त्याने बाळ सुस्त पडतं, श्वास थांबू शकतो. आजोबांची बाटली नातवाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

११. लाल डोळ्याचे थेंब मेडिकलवरून आणू नका

उन्हाळ्यात आपल्याकडे पोरांचे डोळे खाजतात, लाल होतात. कोणाच्या तरी घरात जुनी बाटली असते, टाकली की दोन तासांत आराम. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन. आठवडेच्या आठवडे टाकत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर चढतं आणि काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. प्रेशर चढताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हेच थेंब काही आठवडे देतात, ते बरोबरच आहे. कागदावर लिहिल्याप्रमाणे कमी करत बंद करायचे आणि उरलेली बाटली टाकून द्यायची.

१२. खानदेशचा उन्हाळा आणि बाटली

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बाटलीवर "२५ अंशांखाली" किंवा "३० अंशांखाली" लिहिलेलं असतं. मोटरसायकलच्या डिकीत, खिडकीत, पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर ती ठेवू नका. लॅटानोप्रोस्टची न फोडलेली बाटली बहुधा फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रीजरमध्ये नाही. घरी फ्रिज नसेल तर मेडिकलवाल्याकडून एका वेळी एकच बाटली आणा. फोडलेली बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून माठाजवळ सावलीत ठेवता येते, पण माठाजवळ फ्रिजइतकं थंड होत नाही हे लक्षात असू द्या. फ्रिज लागत नाही असं औषध आहे का, तेही डॉक्टरांना विचारा.

बाटली फोडल्याची तारीख पेनने खोक्यावर लिहा. बहुतेक थेंब चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, लॅटानोप्रोस्ट सहा. औषध शिल्लक राहिलं म्हणून जीव तुटतो, तरी टाका.

१३. झालेला त्रास कळवा

औषधाने झालेला त्रास नोंदवायला सरकारची व्यवस्था आहे, आणि तिथे रुग्ण किंवा घरचे स्वतः कळवू शकतात. २०१० पासून चालू असलेला हा भारताचा औषध-सुरक्षा कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. मोफत फोन: १८००-१८०-३०२४. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही यासाठी फॉर्म मिळतो.

फोन लावण्याआधी वहीतली ही माहिती समोर ठेवा: औषधाचं बारीक नाव, टक्केवारी, कधी सुरू केलं, किती वेळा, त्रास कोणता आणि कोणत्या तारखेला, सोबत चालू असलेल्या गोळ्या, थेंब बंद किंवा बदलल्यावर काय झालं, आणि बाटलीवरचा बॅच नंबर. हा नंबर खोक्यावरही असतो, पण खोकं बहुधा आधीच चुलीत गेलेलं असतं. म्हणून बाटली आणली त्याच दिवशी दोन्हीचा फोटो काढून ठेवा.